टवका आतून निघतो की वरून? रोलिंग आणि स्लायडिंगमुळे धातूला येणारा थकवा

धागाकर्ता: संपर्कबिंदू

धातूच्या थकव्याबद्दल मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात बहुधा वाकणाऱ्या शाफ्टचे किंवा विमानाच्या पंखाचे उदाहरण असते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते हे आपण सर्वांनी लहानपणी करून पाहिलेले असते, त्यामुळे तो प्रकार पटकन समजतो. बेअरिंगमधली गोळी, गिअरचा दाता आणि रुळावरचे चाक यांचा थकवा मात्र निराळ्या जातीचा आहे, कारण तिथे धातू ताणला जात नाही, दाबला जातो. आणि नुसत्या दाबाखाली तडा कसा जातो, हा प्रश्न अनुभवी माणसालाही थांबवतो.

गेली २२ वर्षे मी पुण्यात बिघडलेले सुटे भाग कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम करतो आहे. टवका उडालेला कोणताही तुकडा टेबलावर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तडा जन्मला कुठे, आत की वर? दोष पोलादाचा, तेलाचा, जुळणीचा की भाराचा, हे पुष्कळसे त्या उत्तरावर ठरते. कारखान्यात मात्र बहुतेक वेळा हा प्रश्न न विचारताच नवे बेअरिंग बसवले जाते आणि जुने भंगारात जाते. म्हणून हा धागा.

आधी दाब किती असतो ते पाहू. आपल्या मालगाडीच्या डब्याचा एका आसावरचा भार २२.९ टन धरला, तर एका चाकावर साधारण साडेअकरा टन येतात. चाक आणि रूळ यांचा प्रत्यक्ष स्पर्श सुमारे १ चौरस सेंटिमीटर जागेत होतो, म्हणजे नखाएवढ्या ठिपक्यात. भागाकार केला तर सरासरी दाब ११०० मेगापास्कलच्या आसपास येतो, आणि ठिपक्याच्या मध्यभागी तो याच्या दीडपट असतो. आता, ८८० ग्रेडचा रूळ म्हणजे ज्याची ताण सोसण्याची ताकद किमान ८८० मेगापास्कल आहे असा रूळ. भार पोलादाच्या ताकदीपेक्षा जास्त आहे आणि तरीही रूळ चिरडत नाही.

याचे कारण असे, की ठिपक्याखालचा धातू मोकळा नसतो. त्याला चारही बाजूंच्या धातूने आवळून धरलेले असते, त्यामुळे तो तिन्ही दिशांनी जवळपास सारखाच दाबला जातो. सर्व बाजूंनी सारखा दाब आला तर धातू आपला आकार सोडत नाही. तो सोडतो दोन दिशांच्या दाबांमधल्या फरकामुळे, ज्यातून शिअर म्हणजे कर्तन ताण निर्माण होतो. हाइनरिश हर्ट्झने हे संपर्काचे गणित १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या २३व्या वर्षी, काचेची भिंगे एकमेकांवर दाबल्यावर काय होते या प्रश्नातून सोडवले आणि १८८२ मध्ये ते छापून आले. त्या गणितातून निघालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की घर्षण नसेल तर सर्वांत मोठा कर्तन ताण पृष्ठभागावर नसतोच. वर्तुळाकार ठिपक्याची त्रिज्या जेवढी, तिच्या साधारण निम्म्या खोलीवर तो असतो. मालगाडीच्या चाकाखाली ही खोली सुमारे ३ मिलिमीटर, तर लहान बेअरिंगमध्ये मिलिमीटरचा एखादा दशांश एवढी भरते.

त्या खोलीवरच्या एका कणाची कल्पना करा. गोळी दुरून येत असताना त्याच्यावर एका दिशेने कर्तन होते, गोळी डोक्यावर आली की ते शून्य होते, आणि गोळी पुढे गेली की तेच कर्तन उलट दिशेने होते. वरून पाहणाऱ्याला फक्त दाब दिसतो, पण आत प्रत्येक फेरीत एक संपूर्ण उलटापालट घडते. मिनिटाला हजारो वेळा, वर्षानुवर्षे. गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पामग्रेन यांनी १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचे जे सूत्र मांडले, त्याचा पाया ही उलटापालट आणि तिची खोली हाच होता.

अशा खोलीवर पोलादात एखादा कठीण परका कण, विशेषतः ॲल्युमिनाचा, अडकलेला असेल तर तो आजूबाजूच्या धातूबरोबर विकृत होत नाही आणि त्याच्या कडेला ताण साचत जातो. असा नमुना कापून नायटलने, म्हणजे अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक आम्लाने, हलकासा खोदला (एच केला) की त्या कणाच्या दोन बाजूंना तिरके पांढरे पंख दिसतात, आणि आमच्या क्षेत्रात जगभर त्यांना ‘फुलपाखरे’ असेच म्हणतात. मी पहिल्यांदा फुलपाखरू पाहिले तेव्हा ते माझ्या वरिष्ठांना दाखवायला अक्षरशः धावत गेलो होतो. त्या पंखांच्या कडेने तडा निघतो, काही काळ पृष्ठभागाला समांतर सरकतो, मग वर येतो आणि एक दिवस खपली सुटावी तसा तुकडा सुटतो. तोपर्यंत वरून सगळे आरशासारखे चकचकीत असते.

आता यात स्लायडिंग मिळवा. दोन पृष्ठभाग एकमेकांवर फिरताना थोडेसे सरकूही लागले की घर्षण पृष्ठभागाला आडवे ओढते, आणि जास्तीत जास्त कर्तनाची जागा वर सरकू लागते. घर्षणाचा गुणांक साधारण ०.३ च्या पुढे गेला की ती थेट पृष्ठभागावर येते. कोरड्या रुळावर हा गुणांक ०.४ ते ०.५ पर्यंत सहज जातो. मग प्रत्येक चाक वरचा पातळ थर केसाएवढाही नाही इतका, पण एकाच दिशेने पुढे ढकलते, आणि तो परत येत नाही. याला रॅचेटिंग म्हणतात. केंब्रिजचे के. एल. जॉन्सन यांनी दाखवून दिले, की भार एका मर्यादेत असेल तर सुरुवातीच्या काही फेऱ्यांत धातू थोडा दबतो, स्वतःत उपयोगी असा अवशिष्ट दाब साठवतो आणि नंतर स्थिर होतो. मर्यादा ओलांडली तर तो कधीच स्थिर होत नाही, दर फेरीला थोडा थोडा वाहत राहतो, आणि न तुटता आकार बदलण्याची त्याची क्षमता संपली की तिथे तडा जातो. हा तडा वरून निघतो, तिरका आत शिरतो, आणि पोलाद कितीही स्वच्छ असले तरी निघतो.

या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत दुःखद उदाहरण इंग्लंडमधल्या हॅटफिल्डचे आहे. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉसहून लीड्सला निघालेली गाडी तिथल्या वळणावर ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जात असताना गाडीखालचा रूळ फुटला. ४ प्रवासी गेले, ७० हून अधिक जखमी झाले, आणि रुळाचे ३०० हून अधिक तुकडे झाले. रुळाच्या आतल्या वरच्या कोपऱ्यावर, जिथे चाकाची कड घासते, तिथे बारीक तिरक्या तड्यांची रांगच होती. असे तडे काही मिलिमीटर तिरके जातात, आणि मग रुळाचे वाकणे आणि थंडीत वेल्ड करून सलग केलेल्या रुळात निर्माण होणारी ओढ यांच्या ताब्यात सापडून सरळ खाली वळतात. त्या रुळाचा दोष आधीच नोंदलेला होता आणि बदलीची तजवीजही झाली होती, पण नवा रूळ बसवला गेला नव्हता. त्यानंतर देशभर हजाराहून अधिक ठिकाणी वेगमर्यादा लावाव्या लागल्या, आणि रूळ सांभाळणारी रेलट्रॅक ही कंपनी वर्षभरातच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आपल्यापैकी जे गिअर, बेअरिंग, रूळ, कॅम, रोलिंग मिल अशा कामांत आहेत त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

प्रतिसाद: जिज्ञासू_सांगली

सर, लेख दोनदा वाचला. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला ‘प्युअर रोलिंग’ म्हणजे संपर्कबिंदूचा वेग शून्य, असे शिकवतात. तसे असेल तर रुळावर फिरणाऱ्या चाकात सरकणे येते कुठून? ब्रेक दाबल्यावर चाक घसरते हे समजते, पण नेहमीच्या चालीत?

प्रतिसाद: संपर्कबिंदू

चांगला प्रश्न विचारलात. पाठ्यपुस्तकातला संपर्क हा बिंदू असतो, प्रत्यक्षातला ठिपका असतो, आणि सगळा फरक तिथे आहे. इंजिनाचे चाक गाडी ओढते तेव्हा ठिपक्यात शिरणारा चाकाचा पृष्ठभाग किंचित दाबलेला असतो आणि रुळाचा किंचित ताणलेला. ठिपक्याच्या पुढच्या भागात ते एकमेकांना चिकटून जातात, मागच्या भागात तो ताण सुटतो आणि तिथे सरकणे होते. ठिपका एकच असतो, पण त्यातला एक भाग चिकटलेला आणि दुसरा सरकणारा असतो. यामुळे चाकाचा परीघ गाडीपेक्षा अगदी थोडा जास्त धावतो. याला क्रीप म्हणतात. एफ. डब्ल्यू. कार्टर यांनी १९२६ मध्ये इंजिनाच्या चाकासाठी याचे गणित मांडले. ओढ वाढवत गेलो की चिकटलेला भाग आकसत जातो, आणि तो संपला की चाक जागच्या जागी गरगर फिरते.

बेअरिंगमध्येही शुद्ध रोलिंग नसते. गोळी ज्या खोबणीत बसते ती वक्र असल्याने ठिपक्याचा मधला भाग आणि कडा अक्षापासून वेगवेगळ्या अंतरावर असतात. सर्वांचा वेग एकाच वेळी जुळणे शक्य नसते, म्हणून काही पट्ट्यांत सरकणे अटळ असते. तुमच्या सरांनी शिकवलेली व्याख्या चुकीची नाही. ती रेषेवरच्या एका बिंदूपुरती खरी आहे.

प्रतिसाद: दातेरी_चाक

मी चिंचवडला गिअरच्या डिझाइनमध्ये आहे. रोलिंग आणि स्लायडिंग एकाच पृष्ठभागावर, एकाच वेळी आणि मोजता येईल अशा प्रमाणात पाहायचे असेल तर गिअरच्या दात्याइतके चांगले उदाहरण नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इन्व्हॉल्यूट, म्हणजे गिअरच्या नेहमीच्या वक्र आकाराच्या, दात्यावर पिच रेषेपाशी, म्हणजे दात्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर, सरकणे शून्य असते. तिथून टोकाकडे किंवा बुडाकडे जाल तसे ते वाढत जाते. नव्या माणसाला वाटते, की जिथे सरकणे सर्वांत जास्त तिथे खड्डे पडतील, म्हणजे टोकाला किंवा अगदी बुडाशी. प्रत्यक्षात हे खड्डे पडणे, म्हणजे पिटिंग, बहुतेक वेळा पिच रेषेच्या लगत खाली सुरू होते. त्याचे एक कारण असे, की तिथे पुष्कळदा एकच जोडी सगळा भार पेलत असते. पण सरकण्याची दिशा हे त्याहून महत्त्वाचे कारण मला वाटते. पिच रेषेच्या खाली, चालवणारा गिअर असो की चालणारा, दात्याचा पृष्ठभाग समोरच्या दात्यापेक्षा सावकाश चालत असतो, आणि त्याच्यावरचे घर्षण संपर्क ज्या दिशेने सरकतो त्याच्या उलट ओढते. त्यामुळे येणाऱ्या संपर्काच्या पुढचा धातू ताणला जातो. तिथे तडा असेल तर संपर्क पोहोचण्याआधी त्याचे तोंड उघडते, तेल आत शिरते, मग संपर्क येऊन तोंड बंद करतो आणि आत कोंडलेले तेल तड्याच्या टोकाला पाचरीसारखे फाडते. पिच रेषेच्या वर याच्या नेमके उलट घडते, तोंड आधीच मिटलेले असते.

तेलाचा हा भाग १९३५ मध्ये स्ट्युअर्ट वे यांनी प्रयोगाने दाखवला. त्यांच्या रोलरवर तेल असताना खड्डे पडले, कोरडे चालवल्यावर पडले नाहीत. आमच्याकडे नवे इंजिनिअर हे ऐकून गोंधळतात, कारण तेल हे वंगण आणि वंगण हे रक्षण असेच आपण शिकलेलो असतो.

आमच्या अनुभवातली आणखी एक गोष्ट. आम्ही २० एमएनसीआर ५ किंवा ईएन ३५३ ही पोलादे कार्बुराइझ करून, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवून, पृष्ठभागाची कठिणता ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल) ठेवतो. खर्च वाचवण्यासाठी केस डेप्थ, म्हणजे या कठीण थराची जाडी, कमी करण्याचा आग्रह वरून अनेकदा होतो. पण संपर्कबिंदू यांनी सांगितलेली ती कर्तनाची खोली जर कठीण थराच्या खाली, मऊ गाभ्याच्या हद्दीत पडली, तर तडा थर आणि गाभा यांच्या सीमेवर निघतो आणि दात्याचा अख्खा पापुद्रा उचकटतो. मोठ्या मॉड्यूलच्या, म्हणजे मोठ्या दात्यांच्या, गिअरमध्ये हे मी दोनदा पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा पृष्ठभागाची कठिणता ड्रॉइंगप्रमाणे अचूक होती. तपासणीत सर्व काही पास होते, फक्त खोली कमी होती.

प्रतिसाद: संपर्कबिंदू

दातेरी_चाक, तुमचा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हावा असा आहे. वे यांच्या प्रयोगाबद्दल एक जोड देतो. कोरड्या रोलरवर खड्डे पडले नाहीत याचा अर्थ तो सुरक्षित होता असा नाही. कोरडा पृष्ठभाग झपाट्याने झिजतो, आणि तडा खोल जाण्याआधीच तो ज्या थरात जन्मला तो थर घासून नाहीसा होतो. झीज आणि थकवा यांच्यात एक शर्यत असते, आणि जी गोष्ट झीज थांबवते ती कधी कधी थकव्याला मोकळे रान देते. गिअरवर राखाडी, धुरकट डाग दिसतात तो मायक्रोपिटिंगचा प्रकारही येथेच बसतो. १० ते २० मायक्रॉन खोलीचे हे सूक्ष्म खड्डे, तेलाचा थर पृष्ठभागाच्या खडबडीतपणापेक्षा पातळ पडला की उंचवटे एकमेकांना भिडून तयार होतात. आधुनिक तेलातले झीज रोखणारे काही घटक जोडी रुळण्याच्या काळात हे उंचवटे घासून जाऊ देत नाहीत, आणि मग तेच उंचवटे समोरच्या पृष्ठभागाला थकवत राहतात.

प्रतिसाद: ट्रॅकवरचा_माणूस

हॅटफिल्डचे नाव वाचून लिहायला बसलो. रेल्वेत पर्मनंट वे मध्ये, म्हणजे रूळमार्गाच्या देखभालीत, ३१ वर्षे काढली, आता निवृत्त आहे.

झीज आणि थकवा यांच्या शर्यतीचे जे आपण लिहिले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बोर घाटात आणि थळ घाटात चढ ३७ ला १ आहे, वळणे तीव्र आहेत, मागून बँकर इंजिने लावावी लागतात. तिथे बाहेरच्या रुळाची आतली बाजू इतकी झिजते की रूळ झिजेच्या मर्यादेवरच बदलावा लागतो. थकव्याच्या तड्यांना तिथे वाढायला फारशी सवडच मिळत नाही. उलट सौम्य वळणावर रूळ पाहायला सुंदर असतो, झीज जवळजवळ नसते, आणि गेजच्या कोपऱ्यावर, म्हणजे रुळाच्या त्या आतल्या वरच्या कोपऱ्यावर, मात्र केसासारख्या तिरक्या रेषा दिसू लागतात. रोज पायी रूळ तपासणाऱ्या माझ्या कीमनना मी सांगत असे, की सकाळच्या तिरप्या उन्हात खाली बसून कोपरा पाहा. दुपारच्या उभ्या उन्हात त्या रेषा दिसत नाहीत.

अल्ट्रासोनिकच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी रूळ तपासण्याच्या, मर्यादेबद्दलही लिहिले पाहिजे. सरळ खाली पाहणारा शून्य अंशांचा प्रोब तिरका तडा नीट पकडत नाही, म्हणून ७० अंशांचे प्रोब वापरतात आणि त्यातला एक गेजच्या कोपऱ्याकडे सरकवून लावतात. तरीही वरचे उथळ तडे दाट असतील तर ध्वनी तिथूनच परततो, आणि त्यांच्या सावलीत एखादा खोल गेलेला तडा लपून राहू शकतो. मशीन गप्प आहे आणि कोपरा खपल्या टाकतो आहे, अशा वेळी मी नेहमी कोपऱ्यावर विश्वास ठेवला. दोष आढळला की जॉगल्ड फिशप्लेट, म्हणजे रुळाला दोन्ही बाजूंनी आधार देणारी पट्टी, बांधायची आणि तो तुकडा निघेपर्यंत रात्रीची गस्त ठेवायची.

शेवटी एक प्रश्न. आमच्या काळात घासणारे यंत्र, म्हणजे रेल ग्राइंडर, आले तेव्हा अनेकांना वाटले की चांगला रूळ मुद्दाम झिजवणे ही उधळपट्टी आहे. त्याला शास्त्रीय आधार काय, हे सोप्या शब्दांत सांगाल का?

प्रतिसाद: संपर्कबिंदू

काका, तिरप्या उन्हाची सूचना मी आमच्या प्रयोगशाळेत लिहून ठेवतो आहे. आम्हीही टॉर्च आडवा धरून पाहतो, पण त्यामागचा विचार कधी असा शब्दांत मांडला नव्हता.

ग्राइंडरला आधार त्या शर्यतीचाच आहे. हॅटफिल्डनंतर ब्रिटनमध्ये रुळाच्या संपूर्ण आयुष्याचे एक प्रतिमान तयार झाले. त्यात ठिपक्यातले सरकण्याचे बल आणि क्रीप यांचा गुणाकार घेतात. त्याला टी-गॅमा म्हणतात, आणि तो म्हणजे दर मीटरला संपर्कात खर्च होणारी ऊर्जा. तिथल्या सामान्य रुळासाठी हा आकडा १५ न्यूटनच्या खाली असेल तर थकव्याचे नुकसान होत नाही असे धरले जाते. १५ च्या पुढे नुकसान वाढत जाते आणि ६५ ला शिखर गाठते. त्यापुढे ऊर्जा आणखी वाढली तरी थकवा कमी होऊ लागतो, कारण आता झीज तडे खाऊ लागते. १७५ ला दोघांची बरोबरी होते, आणि त्याच्या पलीकडे फक्त झीज उरते. आपला घाट १७५ च्या पलीकडे असावा आणि ते सुंदर दिसणारे सौम्य वळण ६५ च्या आसपास.

ग्राइंडर हे करतो, की जिथे निसर्गतः पुरेशी झीज होत नाही तिथे ती ठरवून, थोडी थोडी आणि वेळेवर करतो. तडा दशांश मिलिमीटरचा असताना तेवढा थर काढला तर रूळ पुन्हा नव्यासारखा होतो, आणि त्याबरोबर कोपऱ्याचा आकारही असा देता येतो की चाकाचा भार तिथून सरकून माथ्याच्या मध्याकडे यावा. उशीर झाला तर मात्र घासून काढता येईल त्याच्या पुढे तडा गेलेला असतो, आणि घासल्यामुळे वरचे तोंड पुसले जाऊन तो आणखी दिसेनासा होतो. म्हणून उशिरा केलेले ग्राइंडिंग मला न केलेल्यापेक्षा धोक्याचे वाटते.

प्रतिसाद: अरुंधती_वि

मी अभियंता नाही, पण जर्मनीत राहते आणि एशेडेच्या अपघाताबद्दल इथे अजून बोलले जाते. ३ जून १९९८ ला तिथे आयसीई या अतिवेगवान गाडीचे चाक फुटून १०१ माणसे गेली. तो हाच प्रकार होता का?

प्रतिसाद: संपर्कबिंदू

नाही ताई, आणि फरक महत्त्वाचा आहे. ते चाक दोन भागांचे होते: आत गाभा, त्यावर रबराचा थर, आणि बाहेर पोलादी धाव. रबरावर बसलेली धाव प्रत्येक फेरीत किंचित चपटी होत होती, म्हणजे वाकत होती, आणि तडा तिच्या आतल्या बाजूने, रबराकडच्या पृष्ठभागावर निघाला. तो वाकण्याचा थकवा होता. रुळाशी संपर्क असलेल्या पृष्ठभागावर तो सुरूच झाला नव्हता, त्यामुळे चाकाची बाहेरची बाजू कितीही निरखली असती तरी तो दिसला नसता.

प्रतिसाद: फिरती_कडी

धाग्याचा आदर राखून एक मतभेद नोंदवतो. मी १८ वर्षे बेअरिंगच्या वापराबाबत सल्ला देतो. पोलादाच्या आतून निघणारा थकवा आता जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. १९४७ च्या पोलादात आणि आजच्या व्हॅक्यूम डिगॅस केलेल्या, म्हणजे निर्वातात वायू काढून टाकलेल्या, ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑक्सिजन आज दशलक्षात १० भागांच्या खाली ठेवता येतो, त्यामुळे ती ॲल्युमिनाची फुलपाखरे क्वचितच भेटतात. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत घाण, पाणी, चुकीची जुळणी आणि कमी तेल हीच कारणे असतात. मग कॅटलॉगमधल्या एल-१० आयुष्याला धरून बसण्यात अर्थ काय?

प्रतिसाद: संपर्कबिंदू

तुमचे निरीक्षण मला मान्य आहे, निष्कर्ष नाही.

एल-१० म्हणजे सारख्या बेअरिंगच्या समूहातली ९० टक्के जेवढ्या फेऱ्या टिकतील ते आयुष्य. ते एका बेअरिंगचे भविष्य नव्हे. निम्मी बेअरिंग त्याच्या साधारण पाचपट चालतात. त्या सूत्रातला भाराचा घातांक मात्र आजही तुमच्या रोजच्या कामाचा आहे. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर आयुष्य एक-अष्टमांश होते, आणि रोलर बेअरिंगमध्ये ते साधारण एक-दशांशावर येते. तुम्ही ज्याला चुकीची जुळणी म्हणता, ती पुष्कळदा रोलरच्या एका कडेवर भार गोळा करून नेमके हेच करत असते.

शिवाय सूत्र १९४७ मध्ये थांबलेले नाही. स्टॅथिस आयोनिडिस आणि टेड हॅरिस यांनी १९८५ मध्ये त्यात थकव्याची एक किमान मर्यादा आणली, आणि २००७ च्या आयएसओ २८१ मध्ये ती तेलाचा थर आणि स्वच्छता यांच्याशी जोडली गेली. संपर्काचा दाब सुमारे १५०० मेगापास्कलच्या खाली असेल, तेल स्वच्छ असेल आणि थर पुरेसा जाड असेल, तर थकवा येणारच नाही असे हे मानक धरते. ही मर्यादा खरोखर अस्तित्वात आहे का, यावर अभ्यासकांत तीव्र वाद झाले आहेत, आणि मी स्वतः अब्जावधी फेऱ्यांच्या बाबतीत तिच्यावर पूर्ण विसंबत नाही.

तिसरी गोष्ट पवनचक्क्यांची. त्यांच्या गिअरबॉक्समधली बेअरिंग हिशेबी आयुष्याच्या कितीतरी आधी जातात, आणि कापल्यावर आत पांढऱ्या कडांच्या तड्यांचे जाळे सापडते. पोलाद स्वच्छ असूनही हे घडते. हायड्रोजन, सरकणे, विद्युतप्रवाह अशी वेगवेगळी कारणे मांडली गेली आहेत आणि एकमत झालेले नाही. म्हणून ‘आतला थकवा संपला’ असे मी म्हणणार नाही. त्याने कारण बदलले आहे.

प्रतिसाद: गाळप_हंगाम

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यात एका साखर कारखान्यात देखभाल विभागात आहे. मिलच्या गिअरबॉक्समधले एक स्फेरिकल रोलर बेअरिंग सलग दुसऱ्या हंगामात गेले. दोन्ही वेळा ‘माल निकृष्ट’ असा शेरा मारून नवे मागवले गेले. हा धागा वाचून मी भंगारातून जुनी बाहेरची कडी शोधून काढली. तिच्यावर एका जागी टवके आहेत, त्यातला सर्वांत जुना वाटणारा टवका इंग्रजी व्ही अक्षरासारखा आहे. बाकीचा ट्रॅक चकचकीत नसून मंद, धुरकट आहे आणि बोट फिरवले की बारीक खळ्या लागतात. गाळप थांबवणे किती महागात पडते हे आपण जाणता. यावरून काही सांगता येईल का?

प्रतिसाद: संपर्कबिंदू

कडी जपून ठेवलीत हे फार बरे केलेत. फोटोशिवाय ठाम बोलणार नाही, पण तुमचे वर्णन आतून निघालेल्या तड्यासारखे वाटत नाही. आतून निघाला असता तर टवक्याच्या बाजूचा ट्रॅक सहसा गुळगुळीत राहिला असता. व्हीचे टोक हे बहुधा जन्मस्थान असते, आणि तिथून टवका रोलर फिरण्याच्या दिशेने पसरत जातो. भिंगाने ते टोक पाहा. तिथे एखादी खळी आहे का? कठीण कण रोलरखाली चिरडला की खळी पडते आणि तिच्या कडेला उंचवटा उभा राहतो. पुढचा प्रत्येक रोलर त्या उंचवट्यावर आपटतो, तेलाचा थर तिथे फाटतो, आणि तडा त्या कडेलाच निघतो. धुरकट ट्रॅक हे थर पातळ असल्याचे लक्षण आहे.

तीन गोष्टी कळवा: तेलात पाणी आहे का, गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर होण्याचे तोंड, कुठे उघडतो, आणि टवके भाराच्या भागात मध्यावर आहेत की एका कडेला.

प्रतिसाद: गाळप_हंगाम

आज भिंग घेऊन बसलो. व्हीच्या टोकाशी खळी आहे, अगदी आपण म्हणालात तशी, आणि तशाच आणखी चार खळ्यांच्या कडेला बारीक तडे सुरू झालेले दिसतात. टवके मध्यावरच आहेत, कडेला नाहीत. तळाचे तेल बाटलीत काढून दोन दिवस ठेवले तर खाली पाण्याचा थर जमला आणि त्यात बारीक काळी रेती दिसते. ब्रीदरची जाळी फाटलेली आहे आणि तो मिलच्या बाजूला उघडतो, जिथे दिवसभर बगॅस उडत असतो आणि पाण्याची फवारणी चालू असते. ब्रीदर हलवण्याचा आणि तेल गाळण्याचा प्रस्ताव मी आजच दिला आहे. कडीचा तुकडा आपल्याकडे तपासायला पाठवला तर चालेल का? आमच्याकडे गॅस कटर आहे, उद्याच कापून घेतो.

प्रतिसाद: संपर्कबिंदू

जरूर पाठवा, पण कृपा करून गॅसने कापू नका. त्या उष्णतेने पोलादाची मूळ रचना बदलेल आणि मग जे दिसेल ते थकव्याचे आहे की गॅसचे, हे सांगता येणार नाही. अख्खी कडीच पाठवा. ती रॉकेलने पुसू नका, टवके घासू नका. आहे त्या तेलासकट प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि बसवलेली असताना वरची बाजू कोणती होती, तिथे रंगाने खूण करा. बाटलीच्या तळाची ती काळी रेतीही वेगळी बांधून द्या. ती ऊसाबरोबर आलेली माती आहे की गिअरचाच चुरा आहे, हे कळल्याशिवाय नवे बेअरिंग बसवून हंगाम सुरू करणे मला योग्य वाटत नाही.